पत्ता मला ठाऊक आहे

४ मार्च

टकळी,

हे पत्र तुझ्या भावाच्या घरी टाकते आहे. तो पुढे पाठवील तर पाठवील. सहा वर्षांनी लिहायला बसले आणि पहिलंच वाक्य हे असं कोरडं. तू म्हणाली असतीस, गोगलगायीला शिंगं बाहेर काढायलासुद्धा मुहूर्त लागतो.

आज हॉस्पिटलच्या वर्कशॉपमध्ये एक माणूस तुझी चौकशी करत आला होता. मी एका म्हाताऱ्या गवंड्याच्या पायाचा साचा घेत होते, दोन्ही हात मनगटापर्यंत ओल्या प्लास्टरमध्ये. तो दारात उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट, बगलेत फाइल, आणि उजव्या बुटाची टाच बाहेरच्या अंगानं पार झिजलेली. मला वाटलं, खुब्याचं दुखणं घेऊन आला असेल. तर म्हणाला, "मी वसुलीचं काम करतो. तुमच्या जुन्या मैत्रिणीबद्दल विचारायचं होतं."

तुझ्या कर्जाच्या अर्जावर 'ओळखीची व्यक्ती' म्हणून माझं नाव आहे म्हणे. तू ते खोडलं नव्हतंस हे मला आज कळलं.

त्यानं दमबाजी केली नाही. गवंडीबाबांचा साचा सुकेपर्यंत स्टुलावर गप्प बसून राहिला. मग जे सांगितलं ते मी आठवेल तसं लिहिते. तू मुलांच्या कृत्रिम पायांसाठी वेगळी कार्यशाळा काढलीस. एका संस्थेनं मोठी ऑर्डर दिली, पाय उचलून नेले आणि हात वर केले. तू हप्ते थांबवलेस, आणि चौदा महिन्यांपूर्वी टाळं लावून निघून गेलीस.

"जप्तीच्या दिवशी आत गेलो," तो म्हणाला, "मशिनं होती, ओव्हन होता, प्लास्टरची पोती होती. पाय मात्र एकही नाही. नंतर शेजारच्यांनी सांगितलं, शेवटचा आठवडाभर बाई भाड्याच्या टेम्पोतून घरोघर फिरत होत्या. ज्या ज्या मुलाचं माप घेतलं होतं त्याला त्याचा पाय पोचवला, दोन दोनदा घालून बघितला, आणि मग गेल्या. पळणारा माणूस माल विकून पळतो हो. वाटून पळालेला माझ्या नोकरीत हा पहिलाच."

मी हात धुवायला वळले. तोंडावर काय आलं होतं ते त्याला दिसायला नको होतं.

तू कुठे आहेस, हे त्यानं तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारलं. मी म्हटलं, सहा वर्षं आमचं बोलणं नाही. खरंच होतं ते, त्यामुळे सोपं गेलं. जाताना तो आपला नंबर ठेवून गेला. कागद फाडून टाकला असं लिहिणार होते. फाडलेला नाही, ड्रॉवरमध्ये रिव्हेटच्या डबीखाली आहे.

खुशाल आहेस ना, एवढं तरी कळव.

— गोगलगाय


२१ मार्च

टकळी,

तुझ्या भावानं पत्र न उघडता परत पाठवलं. पाकिटावर लिहिलंय, 'ती कुठे आहे मला माहीत नाही, माहीत करून घ्यायचंही नाही.' अक्षर तुझ्यासारखंच आहे, भांडखोर. तेव्हा हे पत्र कुठे टाकायचं ते ठाऊक नसताना लिहिते आहे. म्हणजे सकाळी लिहायला बसले तेव्हा तसंच होतं. पण आता ते खोटं होईल, कारण आज दुपारपासून मला ठाऊक आहे.

एक रंगारी आला होता. घरांना रंग देणारा, पन्नाशीचा, डावा पाय गुडघ्यावरून गेलेला. गुडघ्याच्या सांध्याचा बोल्ट खुळखुळतो अशी तक्रार. पाय काढून टेबलावर ठेवला, मी तो उचलला, आणि हातातच धरून राहिले.

मांडी ज्यात बसते त्या सॉकेटची कड, टकळी. जिथे मांडीचा मागचा भाग टेकतो तिथे आतून मऊ चामड्याची पट्टी, आणि टाके सगळे पट्टीच्या पोटात लपवलेले. मी बोट फिरवलं, दोरा कुठे लागला नाही. आपण शिकत होतो तेव्हा मास्तर तुझ्यावर ओरडायचे, एका कडेला अर्धा दिवस घालवतेस म्हणून. तू म्हणायचीस, "मास्तर, माणूस दिवसभर यावर बसणार आहे. दोरा टोचला तर तो मला शिव्या देईल, तुम्हाला नाही." पुढे तेच इतरांना तुझी कड दाखवत फिरायचे.

"हे कुणी केलं?" मी विचारलं.

"आहेत एक बाई. सायकलच्या दुकानामागे बसतात. हात सोन्याचा, पण तोंड बंद म्हणून नाही. माप घेता घेता मला माझ्या बायकोशी कसं वागायचं तेही शिकवलं."

मी हसले तर तो पण हसला. मग त्याला थांबवताच येईना. तुमच्या तिथे लहान मुलांना सायकलच्या नळीचे पाय बसवता म्हणे. सीट वरखाली करायला जो खटका असतो तोच पोटरीत बसवायचा, आणि पोर वाढलं की खटका सैल करून नळी बोटभर वर ओढायची. "चार महिन्यांनी आई पोराला घेऊन येते," तो म्हणाला, "बाई पाना फिरवतात, पाय वाढला. नवीन पाय नको, काही नको. वर म्हणतात, अंथरूण पाहून पाय पसरावेत हे पोरांच्या पायांना कोण सांगणार?"

इथे आम्ही अजून मुलांना सांगतो, पाच वर्षांत एकच पाय मिळेल. ती मुलं आखूड पायावर वाकडी होत चालत राहतात आणि मी त्यांच्या फॉर्मवर शिक्का मारते. सॉकेट लहान झालं की तुलाही ते नवं करावंच लागत असेल, हे मला कळतं. पण मधली दोन-तीन वर्षं तू सायकलच्या खटक्यानं मिळवलीस. बोल्ट बदलून रंगारी गेला. असं काम पाहिलं की आधी आनंद होतो. मत्सर नंतर येतो, आला की लिहीन.

गावाचं नाव, दुकानाचं नाव, सगळं त्यानं न विचारता सांगितलं.


२ एप्रिल

वसुलीवाला काल परत आला. या वेळी मी त्याला चहा दिला.

तो म्हणाला, "बाई, तुमच्यावर जोर करायचा नाही. पण एक गोष्ट तुम्हाला माहीत असावी. त्या सापडल्या नाहीत तर जामीनदार आहे. आम्ही त्यांच्याकडे जातोच आहोत, पण म्हातारे आहेत, मलाही बरं वाटत नाही. पुढच्या महिन्यात घराची नोटीस निघेल."

"जामीनदार कोण?"

त्यानं फाइल उघडून बोट ठेवलं. मास्तरांची सही. ते 'र' अजून तसाच शेपटी ओढून काढतात.

घरी आल्यावर आमच्या ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "तुला जर कळलेलं असेल ती कुठे आहे, तर सांगून मोकळी हो. कर्ज तिनं काढलं, म्हाताऱ्यानं का भोगायचं?" चुकीचं काय होतं त्यात? जेवताना तोच विचार, भांडी घासताना तोच. सांगितलं तर तू उठणार, तुझी ती नळीच्या पायांची पोरं उघड्यावर. नाही सांगितलं तर मास्तरांचं घर.

म्हणून आज सकाळी मास्तरांकडे गेले. दोन वर्षांत फिरकले नव्हते, तेही लिहून टाकते.

काकूंनी दार उघडलं. बाहेरच्या खोलीत ते लेथ होतं ना, ज्यावर आपण लाकडी घोटे कातायला शिकलो, तिथे आता नुसते चार बोल्टांचे खड्डे आहेत फरशीत. मास्तर खिडकीशी कुणाची तरी चप्पल शिवत बसले होते. मी खड्ड्यांकडे पाहिलं तसं म्हणाले, "आवाज फार व्हायचा. शेजाऱ्यांना त्रास."

"मास्तर, लेथ विकून हप्ते भरताय?"

त्यांनी चपलेतून दोरा ओढला. काकू आतून म्हणाल्या, "वर्ष झालं. जमेल तेवढे भरतात, पुरे पडत नाहीत. मला पण कपाटातल्या पावत्यांवरून कळलं."

मी म्हटलं, "तिला हे माहीत आहे?"

तेव्हा त्यांनी सुई खाली ठेवली आणि सांगितलं. तू जाण्याआधी त्यांना भेटायला आली होतीस, तुझा पहिला प्रश्न हाच होता, की माझं बुडालं तर तुमचं काय? आणि ते तुला म्हणाले, माझं नाव मी कधीच काढून घेतलंय, ऑफिसात जाऊन. तू निर्धास्त जा.

"अहो, पण असं नाव काढता येत नाही."

"मला माहीत आहे. तिला माहीत नव्हतं. तिला कागद कधी वाचता आलेत? तिला माणसाची चाल वाचता येते." मग म्हणाले, "भोळेपणानं सही केली असं समजू नकोस. चाळीस वर्षं मी पाय केले. लोक उभे राहतील एवढं बघितलं. पोरं धावतील कशी ते ही बघत होती. मी म्हटलं, आपल्या हातून नाही झालं, आपल्या सहीनं होऊ दे."

मी सांगून टाकणार होते की ती कुठे आहे ते मला कळलंय. त्यांनी तळहात वर केला. "पत्ता असेल तर मला सांगू नकोस. ते लोक विचारतात तेव्हा मला खरंच माहीत नसलेलं बरं. आणि तिलाही काही कळवायचं नाही. शब्द दे."

मी शब्द दिला. त्यांच्यासमोर मला कधी नाही म्हणता आलंय?


५ एप्रिल

टकळी,

शब्द मोडते आहे. हे पत्र आणि आधीची तिन्ही रंगाऱ्याच्या हाती देते. तो शनिवारी तुमच्या गावात एका शाळेला रंग द्यायला जाणार आहे.

काल मी काय केलं ते आधी. चिठ्ठीवर तुझा पत्ता लिहिला, ती पर्समध्ये टाकली आणि वसुलीच्या ऑफिसात गेले. काचेचं दार, प्लास्टिकच्या खुर्च्या, टोकन घ्यायचं मशिन. माझं टोकन आलं तेव्हा खिडकीतली मुलगी म्हणाली, "बोला." मी विचारलं, जामीनदाराचं नाव काढायला काय लागतं? ती म्हणाली, दुसरा जामीनदार किंवा पूर्ण फेड. मी आभार मानले आणि बाहेर आले. चिठ्ठी पर्समध्येच राहिली. सांगायला गेले नव्हतेच असं मी स्वतःला बसमध्ये समजावत होते. गेले होते, टकळी. दारापर्यंत त्याच इराद्यानं गेले होते.

आता दुसरं. मास्तरांची सही तिथे का आहे ते तुला माहीत आहे आणि मलाही, फक्त आपण दोघींनी ते कधी उच्चारलं नाही. तिथे माझी सही व्हायची होती. सहा वर्षांपूर्वीच्या त्या सोमवारी अकरा वाजता मी कर्जाच्या ऑफिसात यायचं होतं. मी आले नाही. दुसऱ्या दिवशी ताप आला होता म्हणून सांगितलं. ताप नव्हता. मी साडी नेसून, पर्स घेऊन, चपला घालून घरातल्या खुर्चीवर बसून होते. दहा वाजले, अकरा वाजले, एक वाजला. पाय उचललाच नाही. हॉस्पिटलची नोकरी, पेन्शन, मुलीची शाळा, सगळं डोळ्यांसमोर आलं असं म्हणता येईल. पण खरं सांगू? मला भीती वाटली की तुझं जमेल. तुझं जमलं असतं तर मला रोज तुझ्या शेजारी उभं राहून काम करावं लागलं असतं, आणि तुझं काम माझ्यापेक्षा चांगलं आहे हे मला रोज दिसलं असतं. मास्तर मला गोगलगाय म्हणायचे ते हळू चालते म्हणून. म्हणीचा पुढचा भाग, पोटात पाय, तो त्यांनी कधी म्हटला नाही. म्हणायला हवा होता.

तू तापाबद्दल काही बोलली नाहीस. माझ्यासाठी औषधाची पट्टी ठेवून गेलीस. आपलं बोलणं तिथे संपलं.

तर मास्तर गेलं वर्षभर तुझे हप्ते भरताहेत. पुढच्या महिन्यात घराची नोटीस आहे. तुला हे कळू नये असं त्यांनी माझ्याकडून वदवून घेतलं होतं. तू काय करावंस ते मी सांगणार नाही, तो अधिकार त्या सोमवारीच गेला. वसुलीवाल्याला मी काही सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. सही करायला आजही तयार आहे. तू नुसतं 'हो' कळव.


१३ एप्रिल

रंगारी म्हणाला, पत्रं दिली. तू सगळी वाचलीस, घड्या घातल्यास, त्याच्या पायाचा पट्टा ढिला झालाय म्हणून तो बदललास. तेवढ्या वेळात एक शब्द बोलली नाहीस. तो घाबरला. मला विचारत होता, "बाईंना काही वाईट बातमी होती का?"


१० मे

टकळी,

तू परत जाऊन तीन आठवडे झाले. समोर होतीस तेव्हा बोलायचं ते राहून गेलं, म्हणून लिहिते.

तू आधी माझ्याकडे येशील असं मला वाटलं होतं. तू सकाळच्या बसमधून उतरलीस आणि थेट त्या काचेच्या दारात गेलीस. हे मला सांगितलं वसुलीवाल्यानं. दुपारी वर्कशॉपमध्ये आला, स्टुलावर बसला आणि म्हणाला, "बाई आल्यात. मी सव्वा वर्ष शोधतोय आणि त्यांनी टोकन घेऊन रांगेत नंबर लावला."

तू साहेबांसमोर दोन पाय ठेवलेस म्हणे, एक आमच्या पद्धतीचा आणि एक खटक्याचा, आणि फरक समजावून सांगितलास. साहेब म्हणाले, याचा कर्जाशी काय संबंध? तू म्हणालीस, "मी काय बुडवलं आणि काय नाही, ते तुम्हाला कळावं." मग स्वतःच्या हातानं पत्ता लिहून दिलास, मोठ्या अक्षरात. म्हणालीस, दर महिन्याच्या पाच तारखेला या खिडकीवर येईन. एकदा चुकले तर या पत्त्यावर या, टाळं तोडावं लागणार नाही, दार उघडंच असतं. पण म्हाताऱ्यांच्या दारात आजपासून कुणी जायचं नाही. साहेब नियम सांगायला लागले. तेव्हा आपला हा वसुलीवाला मध्ये पडला, "साहेब, माझ्या जबाबदारीवर. ही बाई येणार." नोटीस थांबली. मास्तरांचं नाव कागदावर आहे तसंच आहे, पण त्यांच्या घराची पायरी आता कुणी चढत नाही.

निघताना तो मला म्हणाला, "पत्ता तुम्हाला ठाऊक होता ना?"

"होता."

"मला वाटलंच. दुसऱ्या वेळी तुम्ही चहा दिलात."

मी त्याच्या टाचेला बाहेरून पाचर बसवून दिली. चालीत लगेच फरक पडला.

संध्याकाळी मास्तरांकडे आपण भेटलो. तुझे केस एवढे पांढरे झालेत हे कुणी सांगितलं नव्हतं. मास्तर माझ्याकडे बघायला तयार नव्हते, शब्द मोडला म्हणून. तुला मात्र म्हणाले, "नाव काढलंय म्हणून सांगितलं होतं ना तुला? मग कशाला आलीस?" तू म्हणालीस, "मी विश्वास ठेवला. तुम्हाला खोटं बोलता येत नाही असं सगळे म्हणतात." काकू पदर तोंडाला लावून हसल्या, आणि मग रडल्या.

जिन्यात मी तुला म्हटलं, उद्या जाऊन जामीनदार बदलू, मी सही करते. तू माझ्याकडे पाहिलंस, जशी रुग्णाची चाल बघतेस तशी, नखशिखांत. म्हणालीस, "सही तेव्हा हवी होती. आता नको." मला ते लागलं. लागायलाच हवं होतं. मग दोन पायऱ्या उतरून, पाठमोरी, म्हणालीस, "रविवारी हॉस्पिटल बंद असतं ना? माझा प्लास्टरचा हात अजून कच्चा आहे. पोरांचे साचे नीट येत नाहीत."

परवाच्या रविवारी मी आले ते त्या एका वाक्यावर. तुझी खोली बघितली. वर सायकलची चाकं टांगलेली, खाली सतरंजीवर सात आया बसलेल्या. मी पाच साचे घेतले. तू एकदाही चांगले म्हणाली नाहीस. फक्त एकाची कड अंगठ्यानं चाचपलीस आणि पुढच्या पोराला माझ्यासमोर बसवलंस. त्या दोन वेण्यांच्या मुलीचा पाय तू बोटभर वाढवलास. ती उभी राहिली, एक पाऊल, दुसरं पाऊल, आणि तू गुडघ्यांवर बसून तिच्या चालण्याकडे बघत होतीस. तुझी टकळी पूर्ण बंद. तिच्या आईनं विचारलेलंही तुला ऐकू आलं नाही. मी जन्मभर पाय केले, पण कुणाच्या पावलाकडे असं बघितलेलं मला आठवत नाही. मत्सर आला की लिहीन म्हटलं होतं. वाट बघितली, आला नाही.

एक राहिलं. आपलं भांडण अजून झालेलंच नाही. सहा वर्षं आपण नुसत्या गप्प होतो, त्याला भांडण म्हणत नाहीत. तुला जे बोलायचं असेल ते या रविवारी बोलून घे, आया यायच्या आत. मी पहिल्या बसनं येते. प्लास्टरची दोन पोती घेऊन येते, स्टँडवर कुणाला तरी पाठव.

— तुझी गोगलगाय